शेती अनुदानाची यादी 'वैयक्तिक माहिती' कशी काय?

शिवारफेरी (धागाकर्ता)

मंडळी, आमच्या गावात गेल्या काही वर्षांत ठिबक, तुषार, शेततळं, रोटाव्हेटर, कांदाचाळ अशा बऱ्याच गोष्टींवर अनुदान आलं. कोणाला आलं याचा अंदाज सगळ्यांना आहे, खात्री कोणालाच नाही. म्हणून तालुक्याच्या एका कार्यालयात माहिती अधिकाराखाली अर्ज दिला. मागितलं एवढंच: गाव, योजना, लाभार्थ्याचं नाव, गट क्रमांक, दिलेली रक्कम. उत्तर आलं की कलम ८(१)(ञ) नुसार ही वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही.

मला हे अजिबात पटत नाही. का, ते सविस्तर लिहितो.

माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ४ मध्ये कार्यालयांनी कोणी न मागता जाहीर करायच्या १७ बाबी आहेत. बारावी बाब थेट अनुदानाची: अनुदान योजना कशी राबवली, किती रक्कम दिली आणि लाभार्थ्यांचा तपशील. म्हणजे मला अर्ज करायची गरजच पडायला नको होती. यादी आधीच फलकावर किंवा संकेतस्थळावर असायला हवी.

मधल्या काळात झालं काय, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं ८(१)(ञ) बदललं. तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आधी त्या कलमात अटी होत्या. ज्या माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी दिल्यानं कोणाच्या खासगी आयुष्यावर विनाकारण घाला येतो, तीच नाकारता यायची. आणि जनहित मोठं असेल तर तीही द्यावी लागायची. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही, अशी एक फार मोलाची ओळ त्यात होती. ते सगळं काढलं. आता फक्त 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं. कागदावर माणसाचं नाव दिसलं की कलम पुढं करायला अधिकारी मोकळा. कलम ४ मात्र जसंच्या तसं आहे.

यादी उघड असल्यानं काय साधतं, असं मला गावातच एकानं विचारलं. पीएम किसानचं उदाहरण घ्या. २४ फेब्रुवारी २०१९ ला योजना सुरू झाली, वर्षाला ६,००० रुपये, तीन हप्त्यांत. आयकर भरणारे, आमदार-खासदार, वर्ग चार सोडून सरकारी नोकर, दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शनवाले, डॉक्टर, वकील, सीए हे सगळे अपात्र. नियम स्पष्ट होता. तरी जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारातूनच बाहेर आलं की जुलै २०२० पर्यंत २० लाख ४८ हजार अपात्र लोकांना १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यातले निम्म्याहून जास्त आयकर भरणारे. आणि पंजाब, आसामच्या पाठोपाठ आपला महाराष्ट्र, २ लाख ८६ हजार अपात्र घेऊन. या योजनेत गावनिहाय यादी संकेतस्थळावर दिसते म्हणून निदान गावात कोणी बोट ठेवू शकतं. माझ्या तालुक्यातल्या ठिबकच्या यादीवर कोण बोट ठेवणार? ती दिसतच नाही.

आणि जालना. २०२५ मध्ये अंबड, घनसावंगी भागातला अतिवृष्टी अनुदानाचा घोटाळा उघड झाला. ज्यांचा त्या पैशाशी संबंध नाही अशांच्या नावावर रकमा काढल्या, आकडा पंचवीस कोटींच्या आसपास गेला, तलाठी निलंबित झाले. ज्याचं सोयाबीन खरोखर पाण्यात कुजलं त्याच्या वाट्याचे पैसे ते.

माझं म्हणणं असं: नाव, गाव, गट, योजना, रक्कम, तारीख हे उघडं राहिलंच पाहिजे. आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाईल हे कधीच उघड होता कामा नये. सरकारच्या तिजोरीतून माझ्या शेतात पैसे आले तर ते माझ्या शेजाऱ्याला कळण्यात माझं काय बिघडतं? तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विशेषतः ज्यांना हे पटत नाही त्यांनी.

कोरडवाहू

शंभर टक्के सहमत. आमच्याकडे एकाच घरात तीन ठिबक संच, आणि शेजारचा चार वर्षं ऑनलाइन अर्ज करून सोडतीची वाट बघत बसलेला. यादी लागली असती तर पहिल्याच वर्षी लक्षात आलं असतं.

रानजाई

शिवारफेरी दादा, तुम्ही न पटणाऱ्यांना बोलावलंत म्हणून लिहिते. माझे मिस्टर गेले तेव्हा सोसायटीचं पीककर्ज थकलेलं होतं. पुढं कर्जमाफीची यादी लागली. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्यांचं नाव आणि पुढं थकीत रकमेचा आकडा. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती, तिनं शाळेतून येताना ते वाचलं. त्याच आठवड्यात दोन लोक दारात आले. एक म्हणाला, तुमचं सरकारनं फेडलं, आता माझे हातउसने द्या. दुसरे दीर, त्यांना जमिनीच्या वाटणीचं सुचलं.

यादी लागू नये असं मी म्हणत नाही. पण ठिबकचं अनुदान मिळणं आणि कर्ज माफ होणं या दोन गोष्टी गावात सारख्या वाचल्या जात नाहीत. पहिलीत माणसाचा मान वाढतो, दुसरीत त्याचं अडचणीत असणं भिंतीवर लागतं. आणि बाई एकटी असेल तर तिच्या खात्यात पैसे आलेत हे कळणं कधीकधी धोक्याचंच असतं. सगळ्यांना एकच नियम लावताना याचा विचार करा.

शिवारफेरी

ताई, तुम्ही हे लिहिलंत याबद्दल आभार. कर्जमाफीबाबत वेगळा विचार हवा हे पटतं. पण २०१७ च्या कर्जमाफीत चावडीवाचन झालं ते याच कारणानं, की २००८ मध्ये कोणाचं माफ झालं हे नीट कळलंच नव्हतं. मधला मार्ग काय असावा, हे जाणकारांनी सांगावं.

हिशेबनीस

मी लेखापरीक्षणात आयुष्य घालवलं आहे, म्हणून २००८ बद्दल थोडं.

ती केंद्राची कर्जमाफी ५२ हजार कोटींच्या घरातली. बँकेच्या शाखेत पात्र शेतकऱ्यांची यादी फलकावर लावा, असा आदेश त्या योजनेतही होता. तरीही २०१३ मध्ये कॅगचा अहवाल आला तेव्हा चित्र वाईट होतं. तपासलेल्या ९०,५७६ खात्यांपैकी २०,२०६ खात्यांत त्रुटी, म्हणजे बावीस टक्क्यांहून अधिक. कोणी अपात्र असून माफी मिळालेला, कोणाला हक्कापेक्षा जास्त, कोणाला कमी.

त्या अहवालातला दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. ज्यांना माफी मिळाली नव्हती अशा ९,३३४ खात्यांची वेगळी तपासणी केली, त्यात १,२५७ शेतकरी पात्र निघाले. आठात एकाहून जास्त. त्यांचं नाव कोणत्याच यादीत नव्हतं, त्यामुळं त्यांच्यासाठी कोणी भांडलंही नाही.

म्हणून लाभार्थ्यांची यादी ही अर्धीच गोष्ट. अर्ज कोणी केला, कोणाचा नाकारला आणि कोणत्या कारणानं, हे त्याच कागदावर हवं. लाभ मिळालेल्यांकडं बघून गाव कुजबुजतं. नाकारलेल्यांची कारणं शेजारी शेजारी ठेवली की कार्यालयाचा कारभार दिसतो: एकाला सातबारा जुना म्हणून नाकारलं आणि दुसऱ्याला त्याच तारखेच्या सातबाऱ्यावर मंजूर केलं, हे तिथंच पकडता येतं.

रानजाई ताईंच्या मुद्द्यावर: २०१९ च्या महात्मा फुले योजनेत प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक दिला होता आणि आधार प्रमाणीकरण करून रक्कम मान्य आहे की नाही हे शेतकऱ्यानं सांगायचं होतं. ही पद्धत पुढं नेता येईल. कर्जमाफीत भिंतीवर क्रमांक आणि रक्कम, नावाची यादी ग्रामसभेच्या दप्तरात, मागेल त्या गावकऱ्याला बघायला खुली.

र्‍हाईनकाठ

मी जर्मनीत राहतो. अगदी हाच वाद इथं कोर्टात गेला होता, म्हणून लिहितो.

युरोपीय संघाच्या सामायिक कृषी धोरणातून शेतकऱ्यांना पैसे मिळतात. २००८ च्या एका नियमानं प्रत्येक लाभार्थ्याचं नाव, गाव, पिनकोड आणि रक्कम संकेतस्थळावर टाकणं सक्तीचं झालं. हेसन राज्यातली एक शेती भागीदारी आणि एक पूर्णवेळ शेतकरी याविरुद्ध कोर्टात गेले. ९ नोव्हेंबर २०१० ला युरोपीय न्यायालयानं निकाल दिला. न्यायालयानं म्हटलं की करदात्याला पैसा कुठं जातो हे कळणं योग्य आहे, पण तुम्ही सगळ्या व्यक्तींना सरसकट एकाच मापानं मोजलंत: किती रक्कम, किती वर्षं, किती वेळा, याचा काही विचार नाही. म्हणून व्यक्तींची नावं टाकण्यापुरता तो नियम रद्द केला. कंपन्यांची नावं मात्र चालू ठेवली.

विषय तिथं संपला नाही, हे महत्त्वाचं. २०१३ मध्ये नवा नियम आला आणि नावं परत जाहीर व्हायला लागली. फरक एवढाच की अगदी लहान रकमा घेणाऱ्यांची, साधारण १,२५० युरोपर्यंत, नावं झाकायची; आणि माहिती दोन वर्षंच संकेतस्थळावर ठेवायची. रानजाई ताई म्हणतात तो विचार आणि शिवारफेरी म्हणतात ती पारदर्शकता, दोन्ही त्या नियमात आहेत.

आपल्याकडं असा उंबरठा ठेवता येणार नाही का? ६,००० रुपयांच्या हप्त्यासाठी जगभर दिसणारी यादी कशाला? ती गावापुरती पुरे. पण लाखांतलं अनुदान असेल तर संकेतस्थळावर, शोधता येईल अशा स्वरूपात.

बांधाचा_वाद

र्‍हाईनकाठ, युरोपातला लहान शेतकरी आणि आपला लहान शेतकरी यांची तुलना होत नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रात दीड कोटीच्या वर खाती आणि खात्यामागं सरासरी १.३४ हेक्टर. इथं उंबरठा लावला तर जवळजवळ सगळेच त्याच्या खाली जातील आणि यादीच उरणार नाही. बोगस नावं लहान रकमांतच घुसवतात. जालन्यात काय झालं? एका माणसाला कोट्यवधी दिले असते तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

तलाठी_होतो

बांधाचा वाद यांचा मुद्दा बरोबर आहे. सजावर, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीत, पंचवीस वर्षं काढली, त्यावरून सांगतो की घोळ कुठं होतो.

पाऊस झाला, नुकसान झालं की पंचनाम्याला तिघं जातात: तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक. कागदावर तिघांच्या सह्या. प्रत्यक्षात एका सजात चार-पाच गावं, मुदत आठवड्याची, रस्ते चिखलाचे. बांधावर न जाता यादी बनते आणि तिथं पहिला दरवाजा उघडतो. ती यादी तहसीलला जाते, संगणकात भरली जाते. दुसरा दरवाजा तिथं, कारण भरणारा एक, तपासणारा दुसरा आणि लॉगिन भलत्याच्याच हातात. मग शेतकऱ्याला व्हीके, म्हणजे विशिष्ट क्रमांक मिळतो, तो सेतूवर जाऊन केवायसी करतो, पैसे खात्यात.

या सगळ्या साखळीत सामान्य माणसाला बघायला मिळणारी एकच गोष्ट म्हणजे ती व्हीके यादी. नाव, गट, क्षेत्र, रक्कम. ती ग्रामपंचायतीत आठ दिवस लागली तर गावातला पोरगासुद्धा सांगेल की हा गट नंबर आपल्या शिवारात नाहीच, किंवा हा माणूस तर वारला. गावाला जे दोन मिनिटांत कळतं ते तहसीलदाराला दोन वर्षांत कळत नाही. कारण गट आणि माणूस यांची जोडी गावाच्या डोक्यात असते.

वाचायची कशी तेही सांगतो. राज्य आपत्ती निधीच्या नेहमीच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, मर्यादा दोन हेक्टर. म्हणजे कोरडवाहू खात्यावर जास्तीत जास्त १७,०००. शासनानं एखाद्या वर्षी दर किंवा मर्यादा वाढवली असेल तर तो शासन निर्णय काढून घ्या आणि त्यानं गुणा. ज्या नावापुढचा आकडा या गुणाकारात बसत नाही तिथं खूण करा.

माझ्या हाताखालच्या प्रामाणिक पोरांबद्दलही एक सांगायचंय. यादी उघड झाली तर त्यांना उलट बळ मिळतं. पुढारी फोन करून नाव घाला म्हणतो, तेव्हा 'साहेब, यादी चावडीवर लागणार आहे' हे एकच वाक्य कामाला येतं.

मिडवेस्ट_मराठी

अमेरिकेतलं थोडं. १९९६ मध्ये वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्रानं कोर्टात भांडून लाभार्थ्यांची नावं मिळवली. पुढं एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेनं १९९५ पासूनच्या नोंदी गोळा करून २००१ च्या सुमारास सगळ्यांना शोधता येतील अशा ऑनलाइन टाकल्या. तेव्हा कळलं की बास्केटबॉलपटू स्कॉटी पिपेनसारख्यांनाही शेतीचं अनुदान मिळत होतं, त्याच्या अर्कान्सासमधल्या जमिनीपोटी. पण मला नावांपेक्षा एकूण चित्र महत्त्वाचं वाटतं: पिकांच्या अनुदानाचा फार मोठा भाग वरच्या दहा टक्के लाभार्थ्यांकडं जातो, हे त्या नोंदींमुळं कोणालाही स्वतः मोजता आलं.

२००८ च्या फार्म बिलात, म्हणजे तिथल्या शेतीविषयक कायद्यात, कलम १६१९ आलं. शेतकरी सरकारला जमिनीचे नकाशे, पिकांचे तपशील देतो ते गोपनीय केले. पण कोणाला किती रक्कम दिली, त्याचं नाव आणि पत्ता, हे त्या कलमानं मुद्दाम खुलं ठेवलं आहे. माझ्या मते हीच योग्य रेघ. माझ्या शेताचा तपशील माझा, मला दिलेले पैसे सगळ्यांचे.

एक भोक मात्र तिथंही आहे: पीकविम्याच्या हप्त्यावरचं अनुदान. कोणत्या शेतकऱ्याचा किती हप्ता सरकारनं भरला, हे नावानिशी कळत नाही. आणि मोठा पैसा हळूहळू तिकडंच सरकला.

कोरडवाहू

पीकविमा! आपल्याकडं पण तेच. एक रुपयात विमा आला त्या २०२३ च्या खरिपात राज्यात १ कोटी ७० लाखांच्या आसपास अर्ज. आदल्या वर्षी ९६ लाख होते. खाती दीड कोटी, अर्ज त्याहून जास्त. यातच सगळं आलं.

हिशेबनीस

कोरडवाहू, ही तुलना अशी करता येत नाही. एका शेतकऱ्याचे सोयाबीनचा एक, तुरीचा एक, दुसऱ्या गटातल्या कापसाचा एक असे अर्ज होतात. अर्ज म्हणजे शेतकरी नव्हे. बोगस अर्ज लाखांनी सापडले हे खरं आहे, शासकीय आणि दुसऱ्याच्या जमिनीवर विमा काढला गेला हेही खरं. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद करून खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता परत आणला, त्याचं एक कारण तेच. पण आकडा चुकीच्या जागी वापरला की समोरचा तेवढंच धरून आपलं सगळं म्हणणं उडवतो.

गाव, गट, पीक आणि विमा उतरवलेलं क्षेत्र ही यादी गावात लागली असती, तर ज्याच्या जमिनीवर दुसऱ्यानं विमा काढला त्याला ते त्याच हंगामात कळलं असतं. नुकसानीची तक्रार करायला गेल्यावर नाही.

ऊसकरी

सगळी चर्चा शेतकऱ्याच्या नावाची चालली आहे. मला हे खुपतंय. ठिबकचे पन्नास-साठ हजार घेणाऱ्याचं नाव चावडीवर, आणि कोटींत घेणाऱ्यांचं?

२०१९-२० च्या हंगामात केंद्रानं साखर निर्यातीला टनाला १०,४४८ रुपये मदत जाहीर केली, ६० लाख टनांसाठी. एकूण ६,२६८ कोटी. पुढच्या हंगामात टनाला ६,०००, एकूण ३,५०० कोटी. हा पैसा कारखान्याच्या वतीनं उसाच्या थकीत बिलापोटी थेट शेतकऱ्याच्या खात्यात जावा, अशी तरतूद होती. आता सांगा, आपल्यापैकी किती ऊस उत्पादकांना माहीत आहे की त्यांच्या कारखान्याला किती मिळाले आणि त्यातले त्यांच्या खात्यात किती आले? मी वार्षिक सभेत विचारलं तेव्हा पुढच्या विषयाला सुरुवात झाली.

खताचंही तसंच. ४५ किलोची युरियाची गोणी आपण २६६ रुपये ५० पैशांना घेतो, बाकीचा भार सरकार उचलतं. २०२२-२३ ला खतांचं अनुदान देशभरात अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. हे पैसे जातात कंपनीला, दुकानातल्या पॉस मशीनवर आपला अंगठा लागल्यावर. जिल्ह्यातल्या सर्वांत जास्त खत उचलणाऱ्या वीस जणांची यादी दर महिन्याला तपासणीला येते. म्हणजे शेतकऱ्यानं किती गोण्या नेल्या यावर सरकारचं बारीक लक्ष. कंपनीला कोणत्या जिल्ह्यात किती दिले हे मात्र गावातल्या माणसाला कोण सांगतं?

म्हणून यादी काढायची तर वरून काढा. कारखाने, खत कंपन्या, विमा कंपन्या, ठिबकचे पुरवठादार. कंपनीला खासगी आयुष्य नसतं, त्यामुळं तिथं हा ८(१)(ञ) चा अडथळाही येत नाही.

र्‍हाईनकाठ

ऊसकरी, अगदी. युरोपात पहिल्या याद्या बाहेर आल्या तेव्हा हेच दिसलं. ब्रिटननं २००५ मध्ये नावं जाहीर केली, तर मोठ्या रकमांपुढं साखर कंपनी टेट अँड लाईल आणि राजघराण्याच्या, उमरावांच्या जमिनी. धोरण लहान शेतकऱ्याच्या नावानं विकलं जात होतं. तो भ्रम यादीनं मोडला.

बटईने_करतो

माझं नाव कोणत्याच यादीत येणार नाही. सहा एकर बटईनं करतो. मालक पुण्याला असतात. सातबारा त्यांचा, म्हणून पीएम किसान त्यांना, नमो शेतकरी त्यांना, अतिवृष्टीचं त्यांना. बियाणं माझं, पीक माझं गेलं. मालक चांगले आहेत, मागच्या वर्षी त्यांनी आलेले पैसे मला दिले. सगळे देत नाहीत.

यादी लागली तर एक होईल. गावाला लेखी दिसेल की पैसे कोणाच्या नावावर आले आणि नांगर कोणी धरला. आज हे बोलायचं झालं तर माझा शब्द विरुद्ध त्यांचा कागद. उद्या जमीन काढून घेतील या भीतीनं मी स्वतः कधीच अर्ज करणार नाही. पण भिंतीवर आपोआप लागलं तर माझ्यावर कोणी ठपका ठेवणार नाही.

रानजाई

बटईनं करणाऱ्या भावाचं वाचून वाटलं की बायकांचंही असंच आहे. राबणारी ती, सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीत कितीतरी जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली होती, पुढं ते थांबलंच. यादीत किती नावं बायकांची आहेत, एवढं जरी प्रत्येक गावानं मोजलं तरी पुष्कळ बोलता येईल.

माळरान

एक वेगळी काळजी. काही योजना विशिष्ट प्रवर्गासाठीच आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना अनुसूचित जातींसाठी, बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना जमातींसाठी. योजनेच्या नावासकट यादी नेटवर टाकली की माणसाची जात जगाला शोधता येते. गावात ती माहीतच असते हो, पण त्याचा मुलगा शहरात नोकरीला लागला आणि कोणी बापाचं नाव टाकून शोधलं तर? तिथं नेटवर नुसतं 'विहीर' किंवा 'पंपसंच' लिहावं, योजनेचं पूर्ण नाव ग्रामपंचायतीच्या प्रतीत ठेवावं.

शिवारफेरी

माळरान, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नसता. नक्की धरायला हवा. आधारबद्दलही तसंच. २०२२ मध्ये पीएम किसानच्या संकेतस्थळावरून शेतकऱ्यांचे आधार क्रमांक बाहेर दिसत होते, हे एका संशोधकानं दाखवलं होतं. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार तो क्रमांक जाहीर करायलाच मनाई आहे. खरा खासगीपणा तिथं जपायचा होता, तिथं तो जपला गेला नाही. आणि मी गट क्रमांक मागितला तर तो वैयक्तिक! सातबारा तर कोणीही ऑनलाइन बघतो.

आता मूळ प्रश्न. अपिलात काय लिहू?

हिशेबनीस

तीन गोष्टी लिहा.

पहिली, तुम्ही मागितलेली माहिती कलम ४(१)(ख)(बारा) खाली स्वतःहून जाहीर करायची आहे. जी जाहीर करणं हे कार्यालयाचं कर्तव्य, ती मागितल्यावर नाकारता येत नाही.

दुसरी, आणि ही अधिकाऱ्यांनाही बहुधा माहीत नसते. ज्या कायद्याचा आधार घेऊन हे सगळं बदललं, त्या २०२३ च्या विदा कायद्याच्याच कलम ३ मध्ये लिहिलं आहे की एखाद्या कायद्यानं जी वैयक्तिक माहिती जाहीर करणं बंधनकारक आहे, तिला हा कायदा लागू होत नाही. माहिती अधिकाराचं कलम ४ हे तसंच बंधन आहे.

तिसरी, कलम ८(२) अजून जिवंत आहे. जाहीर करण्यातलं जनहित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर ८(१) मधलं काहीही असलं तरी माहिती देता येते. इथं पीएम किसानचे आकडे आणि जालना, दोन्ही लिहा. आणि आधार, खाते क्रमांक, मोबाईल मला नको, ते कलम १० नुसार झाकून द्या, असं आपणहून लिहा. तुमची बाजू तिथंच भक्कम होते.

अपिलाची मुदत उत्तर मिळाल्यापासून ३० दिवस. त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडं जातं.

तलाठी_होतो

अपिलासोबत दुसरं दारही ठोठवा. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघायला खुले असतात, अर्ज लागत नाही. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा, तालुक्याची खर्चाची नस्ती मागा. वही घेऊन जा, उतरवून घ्या. एकटे जाऊ नका, चौघं जा.

ऊसकरी

आमच्या जिल्ह्यात मी येत्या सोमवारी जातो आहे. ठिबक पुरवठादारनिहाय किती अनुदान गेलं, ते बघायचं आहे. जे मिळेल ते इथं टाकतो, नावं व्यक्तींची नाही, कंपन्यांची.

रानजाई

आमच्या महिला ग्रामसभेत ठराव मांडायचा विचार आहे, कोणी शब्द सुधारून द्याल का? 'गावात मिळालेल्या प्रत्येक कृषी अनुदानाची यादी, नाव, गट, रक्कम व तारखेसह, नाकारलेल्या अर्जांच्या कारणांसह, रक्कम जमा झाल्यापासून एका महिन्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. कर्जमाफीच्या यादीत भिंतीवर फक्त विशिष्ट क्रमांक व रक्कम असावी. कसणारा वेगळा असल्यास ग्रामसभेत त्याची नोंद व्हावी.'

हिशेबनीस

ताई, ठराव उत्तम आहे. एवढंच घाला: 'यादी लावल्याची तारीख व काढल्याची तारीख इतिवृत्तात नोंदवावी.' नाहीतर सकाळी लावून संध्याकाळी काढतात आणि लावली होती म्हणतात. आणि शेवटच्या वाक्यात 'कसणाऱ्याच्या संमतीने' हे शब्द टाका, बटईवाल्यांची जमीन त्या नोंदीपायी जायला नको.

बटईने_करतो

संमतीचा शब्द घातल्याबद्दल धन्यवाद काका.

शिवारफेरी

अपील लिहून झालं, तीनही मुद्दे घेतले. रानजाई ताई, तुमचा ठराव आमच्या गावातही मांडतो, माळरान यांचा योजनेच्या नावाचा मुद्दा त्यात जोडून. उद्या तालुक्याला जाऊन अपिलाची पोच घेतो.